पूर मोजणारा गुम्बेल आणि तपकिरी शर्टांची फौज: इतिहासाच्या शिक्षकांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांत इतिहास शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी इतिहासाचा माणूस नाही. पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्मी पुराचे अंदाज काढण्यात गेली. धरणाला सांडवा किती मोठा ठेवायचा हे ठरवण्यासाठी नदीचे जुने आकडे काढायचे, दरवर्षीचा सगळ्यांत मोठा विसर्ग घ्यायचा, ते सगळे उतरत्या क्रमानं मांडायचे आणि शंभर वर्षांतून एकदा येईल असा पूर केवढा असेल त्याचं गणित करायचं. या गणिताची एक पद्धत आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. आम्ही तिला ‘गंबेल’ म्हणायचो. “गंबेलनं काढलंस का?” असं साहेब विचारायचे आणि आम्ही कागद पुढे करायचो. हे एका माणसाचं आडनाव आहे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तो माणूस कोण, हे मला निवृत्तीनंतर कळलं. कळल्यावर फार अपराधी वाटलं, आणि हे पत्र त्यातूनच लिहितो आहे.

एमिल युलियस गुम्बेल १८९१ मध्ये म्युनिकला एका ज्यू कुटुंबात जन्मला. पहिलं महायुद्ध पाहून तो युद्धविरोधी झाला. पुढे हायडेलबर्ग विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवू लागला. पुराच्या गणिताकडे तो नंतर वळला. त्याआधी त्यानं खून मोजले होते. १९१९ ते १९२२ या काळात जर्मनीत झालेल्या राजकीय खुनांची त्यानं एकेक करून नोंद केली: मेला कोण, मारलं कोणी, कधी, आणि पुढे कोर्टानं काय केलं. उजव्या गटांनी केलेले खून ३५४ भरले, डाव्यांनी केलेले २२. डाव्यांच्या २२ पैकी १७ प्रकरणांत कडक शिक्षा झाल्या आणि १० जणांना देहदंड मिळाला. उजव्यांच्या ३५४ पैकी ३२६ खुनांना काहीही शिक्षा झाली नाही. देहदंड एकालाही नाही. सरासरी काढली तर उजव्याच्या हातून झालेल्या एका खुनाला चार महिने कैद आणि डाव्याच्या हातून झालेल्या खुनाला पंधरा वर्षं. पुढे न्याय मंत्रालयानं ही प्रकरणं तपासली तेव्हा गुम्बेलच्या नोंदी खऱ्या निघाल्या.

हा तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही. आयुष्यभर ज्याच्या नावानं पूर काढले, त्यानं देशावर येऊ घातलेला पूर १९२२ मध्येच कागदावर मांडून ठेवला होता.

आता आपल्याकडे का आलो ते सांगतो. आम्ही शाळेत शिकलेला जर्मनीचा इतिहास असा होता: व्हर्सायचा तह, महागाई, बेकारी, हिटलरची भाषणं आणि मग दुसरं महायुद्ध. मध्ये कुठेतरी एक ओळ यायची की हिटलरनं गुंडांची एक संघटना उभारली होती. ‘गुंड’ म्हटलं की प्रश्न मिटतो. गुंड सगळीकडे असतात, त्यांना पोलीस पकडतात, कोर्ट शिक्षा देतं. मग १९२१ मध्ये सभागृहाच्या दाराशी उभी राहणारी मूठभर पोरं १९३४ मध्ये चाळीस लाखांच्या घरात कशी गेली? हे त्या एका ओळीत कुठेच नाही. धरण फुटलं की चौकशी समितीचा प्रश्न पाऊस किती झाला एवढ्यावर थांबत नाही. दरवाजे कोणी उघडले, किती वाजता, कोणाच्या सहीनं, हेही विचारतात. या फौजेच्या इतिहासात अशा सह्या जागोजाग आहेत, तारखेसकट.

तिचं नाव श्टुर्मआब्टायलुंग, म्हणजे हल्ला तुकडी. सगळे एसए म्हणत. ऑगस्ट १९२१ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा कागदावर नाव होतं ‘व्यायाम व क्रीडा विभाग’. काम होतं पक्षाच्या सभा राखणं आणि दुसऱ्यांच्या उधळणं. ४ नोव्हेंबर १९२१ रोजी म्युनिकच्या होफब्रॉयहाउस या बिअरगृहात खुर्च्या आणि बिअरचे पेले फेकून मोठी मारामारी झाली, तिच्यानंतर हल्ला तुकडी हे नाव रूढ झालं. सुरुवातीला तिला शिस्त लावणारे बरेच जण महायुद्धातून परतलेले अधिकारी होते. क्रांती चिरडण्यासाठी उभ्या राहिलेल्या खासगी पलटणींत, फ्रायकोरमध्ये, त्यांनी हात साफ करून घेतले होते. गुम्बेलच्या तक्त्यातले खून याच वर्तुळातले. राजकारणात माणूस मारला तर फारसं काही होत नाही, हा अनुभव घेऊनच ते एसएत आले. माझ्या मते एसएची खरी स्थापना त्या ३२६ निकालांत झाली, बिअरगृहात नव्हे.

पहिली मोठी सही म्युनिकच्या कोर्टातली. ८ आणि ९ नोव्हेंबर १९२३ ला हिटलरनं एसएच्या जोरावर सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला. त्यात चार पोलीस मेले, त्याची माणसं सोळा. खटला १९२४ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये चालला. न्यायाधीश गेओर्ग नाइटहार्ट. याच न्यायाधीशांपुढे हिटलर १९२२ मध्ये दुसऱ्या पक्षाची सभा मोडल्याबद्दल दोषी ठरला होता, म्हणजे हा पहिला गुन्हा नव्हता. तो तेव्हा ऑस्ट्रियाचा नागरिक होता आणि कायद्यानं त्याला हद्दपार करायला हवं होतं. कोर्टानं म्हटलं, ज्याचे विचार आणि भावना इतक्या जर्मन आहेत त्याला हे कलम लागू होत नाही. राजद्रोहाला कमीत कमी जी शिक्षा होती ती दिली, पाच वर्षं, आणि २० डिसेंबर १९२४ ला तो बाहेर आला. त्या वेळी बव्हेरियाचे न्यायमंत्री होते फ्रान्झ ग्युर्टनर. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

तुरुंगातून सुटल्यावरच्या काळाबद्दल वाचताना मी फार रेंगाळलो, कारण फौज रोजच्या जगण्यात कशी मुरते ते तिथे दिसतं. तपकिरी शर्ट कोणी विचार करून निवडला नव्हता. पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहती फौजेसाठी शिवलेल्या शर्टांचा साठा युद्धानंतर ऑस्ट्रियात पडून होता, तो स्वस्तात मिळाला. १९२९ पासून ड्रेस्डेनच्या एका कारखान्यातून ‘श्टुर्म’, ‘ट्रोमलर’, ‘अलार्म’ अशा नावांच्या सिगारेटी निघू लागल्या. विक्रीतला वाटा एसएला मिळे आणि आपल्या माणसांनी दुसरी सिगारेट ओढू नये यावर पहारा असे. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत ६० लाखांहून जास्त माणसं बेकार होती. त्यांच्यातल्या तरुणांना एसएच्या वसतिगृहात अंथरूण मिळे, रश्शाची वाटी मिळे, बूट मिळत. गल्लीतलं एखादं दारूचं दुकान तुकडीचा अड्डा होई. मालकाला ठरलेलं गिऱ्हाईक मिळे आणि पोरांना घर. रात्री तिथून निघायचं, शेजारच्या कामगार वस्तीत मारामारी करायची आणि परत यायचं. १९३१ च्या सुरुवातीला एसए एक लाखाच्या आत होती. १९३२ च्या उन्हाळ्यात चार लाखांच्या पुढे गेली. तहानं जर्मन सैन्याला एक लाखाची मर्यादा घातली होती हे शेजारी लिहिलं की या आकड्याचं वजन कळतं.

सगळेच गप्प बसले होते असं मुलांना सांगू नका, ते खोटं होईल. प्रशिया या जर्मनीतल्या सगळ्यांत मोठ्या राज्याच्या सरकारनं १९३० मध्ये तपकिरी गणवेशावर बंदी घातली, तेव्हा ही पोरं पांढरे शर्ट घालून फिरली. बर्लिनचे उपपोलीसप्रमुख बेर्नहार्ड वाइस ज्यू होते. गोबेल्स त्यांची रोज टिंगल छापायचा आणि ते दर वेळी त्याला कोर्टात खेचायचे. आपल्या इरावतीबाई कर्वे १९२८ ते १९३० ही वर्षं याच बर्लिनमध्ये होत्या. कवट्यांची मापं घेऊन त्यांनी प्रबंध लिहिला, आणि वंशाच्या श्रेष्ठत्वावर विश्वास ठेवणाऱ्या मार्गदर्शकाला हवा तो निष्कर्ष मापांतून निघत नाही, असं त्यांनी सरळ लिहिलं. गुम्बेलचं वाचताना मला त्यांची आठवण होते. जे मोजलं तेच लिहायचं, हा स्वभाव दोघांचा सारखा.

आणि हान्स लिटेन. आपल्याला एकाच माणसाची गोष्ट वर्गात सांगायला वेळ असेल, तर याची सांगा.

२२ नोव्हेंबर १९३० ला बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात ‘एडन’ नावाच्या नृत्यगृहात एका कामगार मंडळाचा कार्यक्रम चालू होता. एसएच्या ३३ क्रमांकाच्या तुकडीनं, जिची त्या भागात दहशत होती, आत घुसून गोळ्या झाडल्या. जखमी कामगारांच्या बाजूनं लिटेन उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की हे पोरांनी रागाच्या भरात केलेलं नाही, ही वरून आखलेली रीत आहे. हे सिद्ध करण्यासाठी त्यानं हिटलरलाच साक्षीला बोलावलं. ८ मे १९३१ रोजी २७ वर्षांच्या या वकिलानं हिटलरची उलटतपासणी घेतली. आमचा पक्ष पूर्णपणे कायद्यानं चालतो, असं हिटलर शपथेवर सांगत होता. लिटेननं गोबेल्सचं एक पत्रक पुढे केलं आणि यात हिंसेची भाषा आहे, हे पक्ष छापतो की नाही, असं विचारलं. हिटलर घाम पुसू लागला, आरडाओरडा करू लागला. शेवटी न्यायाधीशांनीच ते प्रश्न थांबवले. राइशस्टागला, म्हणजे संसदेच्या इमारतीला, आग लागली त्याच रात्री, २८ फेब्रुवारी १९३३ च्या पहाटे, लिटेनला घरातून उचललं. पाच वर्षं एका छळछावणीतून दुसरीत. त्याची आई इर्मगार्ड दारोदार अर्ज करत फिरली. ५ फेब्रुवारी १९३८ ला त्यानं डाखाऊत गळफास घेतला. वय ३४. त्या दिवशी न्यायाधीशांनी दोन प्रश्न आणखी विचारू दिले असते तर जग बदललं असतं असं मी म्हणत नाही. पण पत्रक टेबलावर होतं, साक्षीदार पिंजऱ्यात होता, आणि विषय बंद केला गेला, याची नोंद आहे.

१९३२ हे तर दरवाजे उघडण्याचंच वर्ष. १३ एप्रिलला चॅन्सेलर (म्हणजे पंतप्रधान) ब्र्युनिंग यांच्या सरकारनं एसएवर देशभर बंदी घातली. दोन महिनेही झाले नाहीत तोच सरकार बदललं. नवे चॅन्सेलर फ्रान्झ फॉन पापेन यांना हिटलरची साथ हवी होती, आणि जनरल श्लायखर यांनी त्यासाठी मोल ठरवलं होतं. १६ जूनला बंदी उठली. सही राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांची. न्यायमंत्री कोण? म्युनिकचे ग्युर्टनर, आता देशाचे. महिन्याभरात १७ जुलैला हँबुर्गजवळच्या आल्टोना शहरात हजारो एसएवाले मुद्दाम कामगारांच्या गल्ल्यांतून मोर्चा घेऊन गेले. त्या दिवशी १८ माणसं मेली, बहुतेक पोलिसांच्या गोळ्यांनी, आणि त्यांतले कितीतरी जण नुसते रस्त्यावर किंवा घरात होते. तीन दिवसांनी हेच कारण दाखवून पापेन यांनी प्रशियाचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं, म्हणजे पोलिसांची सगळ्यांत मोठी यंत्रणा एका फटक्यात हातची गेली. आणि आल्टोनाबद्दल शिक्षा कोणाला? चार कम्युनिस्टांना. १ ऑगस्ट १९३३ ला कुऱ्हाडीनं त्यांची मुंडकी उडवली. तो निकाल चुकीचा होता हे कोर्टानं मान्य केलं १९९२ मध्ये.

१९३२ च्याच ऑगस्टमध्ये, ९-१० तारखेच्या रात्री, वरच्या सायलेशियातल्या पोटेम्पा खेड्यात दारू पिऊन आलेल्या एसएवाल्यांनी कोनराड पीत्झुख या मजुराला त्याच्या आईसमोर मारून टाकलं. राजकीय खुनाला देहदंड देणारा नवा आदेश त्याच मध्यरात्री, खुनाच्या दीडेक तास आधी, अमलात आला होता. या वेळी कोर्टानं कायदा पाळला आणि पाच जणांना देहदंड सुनावला. हिटलरनं त्या पाचांना तार केली, मी तुमच्या पाठीशी आहे म्हणून. हे गुपचूप नव्हतं, वर्तमानपत्रांत छापून आलं. ज्याला पाच महिन्यांनी चॅन्सेलर केलं त्यानं आईसमोर माणूस मारणाऱ्यांना आपलं म्हटलं होतं, हे सगळ्या देशानं वाचलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला पापेन सरकारनं देहदंड रद्द करून जन्मठेप केली. मार्च १९३३ मध्ये पाचही जण सुटले.

त्यानंतर अडवणारं कोणी उरलं नाही. २२ फेब्रुवारी १९३३ ला हिटलरचा मंत्री गोरिंग यानं प्रशियात सुमारे ५०,००० जणांना सहायक पोलीस केलं, त्यांत बहुतेक एसएचे आणि एसएसचे, म्हणजे हिटलरच्या निवडक रक्षक फौजेचे. तपकिरी शर्टावर पांढरी पट्टी बांधली की झाला पोलीस. काल ज्यानं दार फोडलं, तोच आज शासनाच्या नावानं दार ठोठावू लागला. २१ मार्चला ‘राष्ट्रीय क्रांतीसाठी’ केलेल्या गुन्ह्यांना सरसकट माफी जाहीर झाली. त्याच दिवशी एसएनं बर्लिनजवळच्या ओरानियनबुर्गमध्ये एका बंद पडलेल्या बिअरच्या कारखान्यात छावणी सुरू केली, गावाच्या मधोमध, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी. जूनमध्ये बर्लिनच्या क्योपेनिक भागात आठवडाभर घरं फोडून शेकडो माणसं उचलली. मेक्लेनबुर्गचे माजी मुख्यमंत्री योहानेस श्टेलिंग यांचा मृतदेह पोत्यात शिवलेला नदीत सापडला.

एसएचं पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत असतं. सत्ता आल्यावर इतकी मोठी फौज सत्तेलाच नकोशी झाली. ३० जून १९३४ ला आणि पुढच्या दोन दिवसांत हिटलरनं एसएसकरवी आपल्याच साथीदारांना मारलं, एसएप्रमुख एर्न्स्ट ऱ्योम त्यांतला एक. बंदी उठवण्याचा सौदा करणारे जनरल श्लायखरही मेले, बायकोसकट, आपल्या घरात. किमान ८५ माणसं मारली गेली, एकावरही खटला चालला नव्हता. या कत्तलीबद्दल आपण मुलांना ‘लांब सुऱ्यांची रात्र’ हे नाव सांगतो. मला वाटतं, रात्रीपेक्षा ३ जुलैची सकाळ महत्त्वाची आहे. त्या दिवशी एका वाक्याचा कायदा निघाला: ३० जून, १ आणि २ जुलैला जे केलं ते राज्याचा स्वसंरक्षणाचा हक्क म्हणून कायदेशीर होतं. खाली तीन सह्या. हिटलर, गृहमंत्री फ्रिक आणि न्यायमंत्री फ्रान्झ ग्युर्टनर. १९२४ मध्ये म्युनिकला होते तेच. ते नाझी पक्षाच्या उदयातले कोणी सेनानी नव्हते, रस्त्यावर त्यांनी कोणाला काठी मारली नाही. शिकलेले, सभ्य, जुन्या वळणाचे कायदेपंडित. १९४१ मध्ये मरेपर्यंत त्याच खुर्चीवर होते.

या पत्रात मला म्हणायचं आहे ते एवढंच. काठी पोरांच्या हातात होती, पण तिची किंमत शून्यावर आणण्याचं काम शिकलेल्या हातांनी केलं. म्हणून वर्गात ऱ्योमबरोबर ग्युर्टनरचं, नाइटहार्टचं नाव घ्या. आपल्यासमोर बसलेल्यांपैकी काठी हातात घेणारे फार थोडे निघतील. सही करणारे, फाइल पुढे ढकलणारे, प्रश्न थांबवणारे पुष्कळ निघतील, मीही तशाच टेबलावर आयुष्य काढलं आहे. कुठल्या कागदानं काय होतं हे त्यांना पंधराव्या-सोळाव्या वर्षी कळायला हवं.

न्युरेंबर्गलाही एसए निसटली हे मुलांना खरं वाटणार नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळण्यात, दुकानं फोडण्यात हेच पुढे होते, तरी १ ऑक्टोबर १९४६ च्या निकालात एसएसला गुन्हेगारी संघटना ठरवलं आणि एसएला नाही. १९३४ नंतर तिला महत्त्व उरलं नव्हतं, हे कारण दिलं गेलं. वर्गात या निकालावर वाद होऊ द्या. मला तो पटत नाही.

गुम्बेलला १९३२ च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्गनं शिकवण्याच्या हक्कातून काढलं. युद्धाचं स्मारक म्हणून उपासमारीच्या हिवाळ्यातला सलगम जास्त शोभेल, असं तो एका बैठकीत म्हणाला आणि विद्यार्थी संघटनांनी रान उठवलं. हिटलर आला तेव्हा तो फ्रान्समध्ये होता. ऑगस्ट १९३३ मध्ये ज्यांचं नागरिकत्व पहिल्यांदा काढून घेतलं त्या यादीत त्याचं नाव होतं. १९४० मध्ये फ्रान्सही पडल्यावर अमेरिकेला निसटला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कला वारला. पुराच्या गणिताचं जे काम आपल्या धरणांपर्यंत आलं, ते बरंचसं त्यानं या परागंदा वर्षांत केलं. हे गणित शिकवणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना तो कोण हे ठाऊक नव्हतं. हा इतिहास शिकवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना त्याचं गणित ठाऊक नसेल. एकाच माणसाचे दोन तुकडे दोन वेगळ्या वर्गांत पडून आहेत.

मी एक तक्ता केला आहे, ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर, हातानं. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात काय झालं, तिसऱ्यात कोणी केलं. १९२१ ते १९३४ मधल्या ४१ घटना आहेत. चौथ्या रकान्यावर फक्त शीर्षक लिहिलं आहे, ‘अडवण्याचा अधिकार कोणाला होता आणि त्यानं काय केलं’. तो कोरा ठेवला आहे, मुलांनी वाचून भरायचा म्हणून. दोन तास पुरतात असा माझा अंदाज आहे, माझ्या सोसायटीतल्या नववी-दहावीच्या सहा मुलांना तेवढेच लागले. आपल्या शाळेत बोलावलंत तर कागद गुंडाळून घेऊन येईन. मानधन नको, फळ्याशेजारी एक खिळा असला की झालं.

आपला नम्र,
एक निवृत्त पाटबंधारे अभियंता